गावाशेजारी फेस्टिव्हल येतोय. आम्ही नवखे, बोलावं की गप्प बसावं?

वाचकाचं पत्र:

ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही लंडन सोडून इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात राहायला आलो. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, शेताच्या फाटकावर, फिकट निळा कागद लावलेला दिसला. त्या शेतांमध्ये जुलैत तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरवायचा अर्ज आहे. क्षमता ३५,००० माणसं. आमच्या गावाची वस्ती हजारसुद्धा नाही! तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. शेजारच्या आजी विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करताहेत. पबवाले आणि दोघं-तिघं शेतकरी म्हणतात, येऊ द्या, चार पैसे सुटतील. माझे सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना स्ट्रोक येऊन गेलाय आणि दिवसातून तीनदा केअरर येतात. रस्ता बंद झाला तर काय, या विचाराने मला झोप नाही. मुलगी सोळाची, ती आत्ताच तिकिटाच्या मागे लागलीये. आणि खरं सांगू का, मलाही आतून आनंद झालाय. कॉलेजात असताना मी रात्र रात्र गाणं ऐकायला जायचे. नवरा म्हणतो, “आपण इथे नवीन, त्यात गावात एकटेच भारतीय. सही करू नको, काही लिहू नको. एवढा मोठा कारभार, कौन्सिलने केव्हाच ठरवलं असणार.” मी काय करू?

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘मलाही आतून आनंद झालाय’ या वाक्यापाशी थांबले. ते तुम्ही चोरून केल्यासारखं लिहिलंय. चोरण्यासारखं त्यात काहीच नाही. घरात आजारी माणूस असणाऱ्या बाईला गाणं आवडू नये, असं कुठे आहे? मी तर म्हणते, कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, जे पत्र तुम्ही लिहाल त्यात हा आनंद पहिल्या ओळीत असू द्या आणि सासऱ्यांची काळजी दुसऱ्या ओळीत. हो, पत्र लिहायचंच आहे. का ते सांगते.

आधी तो निळा कागद पुन्हा जाऊन नीट वाचा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली प्रिमायसेस लायसन्सचा, म्हणजे एखाद्या जागेवर दारूविक्री किंवा गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करण्याच्या परवान्याचा, अर्ज केला की अर्जदाराला अशा फिकट निळ्या कागदावरची नोटीस २८ दिवस जागेवर लावून ठेवावी लागते. जागा मोठी असेल तर रस्त्याला लागून असलेल्या कडेने दर ५० मीटरवर एक. तुम्हाला एक दिसली म्हणजे पुढे आणखी असणार. त्या २८ दिवसांतच लोकांनी आपलं म्हणणं कौन्सिलकडे द्यायचं असतं. शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते. ती उलटली की तुमचं म्हणणं कितीही रास्त असलं तरी विचारात घेतलं जात नाही.

तारखेखेरीज आणखी दोन गोष्टी शोधा. संगीत आणि दारूविक्री किती वाजेपर्यंत मागितली आहे, ही एक. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: लायसन्स फक्त या वर्षापुरतं मागितलंय की कायमचं? प्रिमायसेस लायसन्सला मुदत घातली नाही, तर कोणी परत करेपर्यंत किंवा काढून घेईपर्यंत ते चालू राहतं. गावात चर्चा चाललीय ती या जुलैची, पण अर्ज दर जुलैचा असू शकतो. कागदावर उलगडा झाला नाही तर पूर्ण अर्ज कौन्सिलकडे पाहायला मिळतो. तो मागायला संकोच नको, सार्वजनिक कागद आहे तो.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. कौन्सिलने आधीच ठरवलं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण कायदा जरा वेगळा चालतो आणि हा भाग त्यांना मुद्दाम वाचून दाखवा. २८ दिवसांत कोणाकडूनही, म्हणजे रहिवाशांकडून किंवा पोलीस, अग्निशमन, एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ (आवाज-स्वच्छता पाहणारं खातं) अशा खात्यांकडून, दखल घेण्याजोगं एकही म्हणणं आलं नाही, तर कौन्सिलला तो अर्ज मंजूर करावाच लागतो. तिथे निवड उरत नाही. अर्जदाराने स्वतःच्या अर्जात जे कबूल केलं असेल त्यातून निघणाऱ्या आणि कायद्याने सगळ्यांनाच लागू असलेल्या अटी, एवढ्याच त्यावर येतात. कौन्सिलला स्वतःहून काही विचारायचं असलं तरी त्यासाठी आधी कोणाचं तरी पत्र यावं लागतं. गावाने तोंड मिटून घेतलं आणि ही खातीही बोलली नाहीत, तर अर्ज जसा लिहिलाय तसा लायसन्स होतो.

हे मला पुस्तकातून नाही, ठेच लागून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही राहायचो तिथल्या मोठ्या पार्कात उन्हाळ्यात दोन दिवसांचा कार्यक्रम आला. झाडावर निळा कागद मीही पाहिला होता. फिरायला जाताना रोज त्याच्यावरून नजर जायची. वाटलं, बघतील बघणारे. कार्यक्रमाच्या रात्री घराच्या खिडकीची काच बेसच्या ठोक्याबरोबर थरथरत होती, आमचं लेकरू घाबरून रडत होतं आणि फोन करायला नंबर नव्हता. सोमवारी मी तावातावाने कौन्सिलला फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अर्ज आला तेव्हा तुम्ही काही कळवलं होतं का?” त्याचा रोख दुखवण्याचा नव्हता, पण मला फार लागलं ते. पुढच्या वर्षी मी लिहिलं. एक पान. कार्यक्रम झालाच, पण या वेळी शेवटचा बँड अर्धा तास आधी संपला आणि प्रत्येक घराच्या पेटीत फोन नंबर असलेलं कार्ड आलं. माझ्या एका पानामुळे हे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. आणखीही लोकांनी लिहिलं होतं. पण त्यात माझं एक पान होतं.

‘एवढा मोठा कारभार’ याबद्दलही दोन शब्द. एकाच वेळी ५,००० किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर नेहमीच्या फीवर आणखी फी भरावी लागते. तुमच्या महोत्सवाच्या टप्प्याला, म्हणजे ३०,००० ते ३९,९९९ माणसांना, ती १६,००० पौंड आहे आणि ९०,००० च्या पुढे ६४,००० पौंड. आकडा ऐकून वाटतं, एवढे पैसे घेतल्यावर नाही कसं म्हणतील? पण ही रक्कम देशभर नियमाने ठरलेली आहे. ती अर्ज तपासण्याची फी आहे, परवानगीची किंमत नाही. आणि हिअरिंग, म्हणजे सुनावणी, झालंच तर निर्णय फी घेणारा कारकून देत नाही. तीन निवडून आलेल्या काउन्सिलरांची कमिटी एका टेबलामागे बसून दोन्ही बाजू ऐकते आणि तो देते.

“आपण इथे नवीन” ही त्यांची दुसरी शंका, आणि मला वाटतं खरी अडचण इथे आहे. कायद्यापुरतं सांगायचं तर पूर्वी जागेच्या आसपास राहणाऱ्यांना किंवा व्यवसाय करणाऱ्यांनाच म्हणणं मांडता यायचं. २०१२ पासून ती अट गेली. आता कोणीही मांडू शकतं. तुम्ही गावात दोन वर्षं आहात की चाळीस, पासपोर्ट कुठला, मतदारयादीत नाव आहे का, यातलं काहीही विचारलं जात नाही. पण तुमचे यजमान कायद्याचं बोलत नाहीयेत, हे मला कळतं. परक्या गावात आपलं नाव वादात येऊ नये, ही धास्ती मीही वर्षानुवर्षं बाळगली आहे. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, नंतर कळून वाईट वाटायला नको: तुमचं पत्र नाव-पत्त्यासकट अर्जदाराला दिलं जातं आणि हिअरिंगच्या कागदपत्रांतही ते येतं. काही अगदी खास कारण असेल तरच तपशील झाकले जातात. तेव्हा पत्र असं लिहा की पबवाल्यांनी वाचलं तरी त्यांना तुमच्याशी उद्या नेहमीसारखं बोलता यावं, आणि शेजारच्या आजींनी वाचलं तरी.

तसं पत्र लिहिता येतं. विरोध आणि पाठिंबा या दोनच खोल्या आहेत, असं गावात सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतंय. ‘महोत्सव व्हायला माझी हरकत नाही, मात्र पुढील अटी घालाव्यात’ असं म्हणणं कायद्याला पूर्ण चालतं, आणि कमिटीच्या टेबलावर त्याचा उपयोगही जास्त होतो. ‘नकोच’ म्हणणारी शंभर पत्रं वाचलेल्या काउन्सिलरला नेमकं काय करायचं ते सांगणारं एक पत्र हाती आलं तर तो ते बाजूला काढून ठेवतो. आजींना दुखवायचं नसेल तर त्यांच्याकडे चहाला जा आणि सांगा, मी सही करत नाही पण स्वतः लिहिते आहे, तुम्हीही तुमच्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराखाली दोनशे सह्या असल्या तर त्यातून लोकांची नाराजी कळते. कोणाच्या दाराशी नेमकं काय होणार, ते कळत नाही.

पत्रात काय लिहायचं हे मात्र मनावर नाही. कायद्याची चार उद्दिष्टं आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, आणि मुलांना इजा-अपाय होऊ न देणं. तुमचा प्रत्येक मुद्दा यापैकी कशाशी तरी बांधलेला हवा. घरांच्या किमती पडतील, हे संगीत आम्हाला आवडत नाही, गावाचं रूप बिघडेल, आयोजक पैशाच्या मागे आहेत, ही वाक्यं कितीही मनापासून आली तरी कमिटीला त्यांचं काही करता येत नाही. शेत त्या कामाला वापरावं की नाही, हा प्रश्नही इथला नाही. तो प्लॅनिंगचा, म्हणजे जमिनीच्या वापराच्या परवानगीचा. वर्षातून २८ दिवसांपर्यंत मोकळी जमीन तात्पुरत्या कामाला वापरायला सहसा वेगळी प्लॅनिंग परवानगी लागत नाही. पण मांडव उभारायचे आणि उतरवायचे दिवसही त्यात मोजायचे असतात. दक्षिण लंडनच्या ब्रॉकवेल पार्कातल्या उन्हाळी कार्यक्रमांवरून २०२५ मध्ये हाय कोर्टात रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला तो याच २८ दिवसांच्या हिशेबावर. तुमच्या शेतात ट्रक किती तारखेला येणार आणि शेवटचा किती तारखेला जाणार, हे आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.

आवाजाचा मुद्दा सविस्तर मांडा. ‘आवाज फार होईल’ एवढ्यावर थांबू नका, कारण आयोजकांचा तज्ज्ञ आकडे घेऊन येणार. मैदानी मैफलींच्या आवाजासाठी इथे १९९५ ची एक संहिता आहे, तिला ‘पॉप कोड’ म्हणतात. ती कायदा नाही आणि जुनी झाली आहे, पण लायसन्सच्या अटी लिहिताना अजूनही तिचा आधार घेतला जातो. वर्षातून एक ते तीन दिवस कार्यक्रम होणाऱ्या ग्रामीण जागेसाठी तिची शिफारस अशी की सर्वांत जवळच्या घरांच्या दर्शनी भिंतीपासून एक मीटरवर, १५ मिनिटांची सरासरी ६५ डेसिबलच्या वर जाऊ नये. रात्री अकरानंतर घराच्या आत संगीत ऐकूच येऊ नये, अशीही शिफारस आहे. तुमच्या नोटिशीवर अकराच्या पुढची वेळ असेल तर तुम्हाला एक प्रश्न सरळ विचारता येतो: अकरानंतर आमच्या घरात ऐकू येणार नाही, याची व्यवस्था काय?

या आकड्यात एक फट आहे आणि माझ्या खिडकीची काच त्याच फटीतून थरथरत होती. हे डेसिबल माणसाच्या कानाच्या मापाने मोजतात, आणि त्या मापात खालच्या पट्टीतल्या आवाजाला, म्हणजे बेसला, फार कमी वजन मिळतं. गाण्याचे शब्द आणि गिटार अंतराबरोबर विरून जातात. बेस तेवढा विरत नाही, भिंतीतूनही आत येतो. त्यातून उन्हाळ्यातली निरभ्र संध्याकाळ म्हणजे अवघडच. सूर्य कलला की जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते, वरचा थर उबदार राहतो, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी ऐकू न येणारं रात्री साडेनऊला दारात येऊन उभं राहतं. आयोजक लबाडी करत नसतात, हवाच तशी असते. म्हणून पत्रात मागा की ६३ आणि १२५ हर्ट्झ या बेसच्या पट्ट्यांसाठी वेगळी मर्यादा घालावी, कार्यक्रमाआधी ध्वनिचाचणी घ्यावी, मोजणारं माणूस प्रत्यक्ष तुमच्या गल्लीत उभं राहावं आणि त्याने सांगितलं की मंचावरच्या माणसाने आवाज खाली आणलाच पाहिजे, असं अटीत लिहावं. स्पीकरची तोंडं गावाच्या विरुद्ध दिशेला ठेवता येतील का, हेही विचारा. सुरुवातीलाच ठरवलं तर त्याला फारसा खर्च लागत नाही.

आता सासरे. तुमच्या झोपेचा प्रश्न हा आहे, आणि इथे तुम्ही दोन वेगळी दारं ठोठावायला हवीत. रस्ते बंद करणं किंवा एकेरी करणं हे लायसन्समधून होत नाही. त्याचा तात्पुरता आदेश रस्त्यांचं खातं काढतं. काही भागांत ते खातं लायसन्स देणाऱ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे नसून त्याहून मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलकडे असतं. तेव्हा तिकडे स्वतंत्र ईमेल करा. पण लायसन्सच्या पत्रातही हा मुद्दा ‘लोकांची सुरक्षितता’ या उद्दिष्टाखाली मांडा, कारण वाहतुकीचा आराखडा आधी तयार करून मंजूर करून घ्यावा, अशी अट तिथे घालता येते. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं: “या गल्लीत एक व्यक्ती अशी आहे जिला रोज सकाळी, दुपारी आणि रात्री घरी येणाऱ्या केअररची मदत लागते. महोत्सवाच्या दिवसांत आणि प्रेक्षक येण्या-जाण्याच्या वेळांत गल्लीची एक बाजू रुग्णवाहिका आणि केअररच्या वाहनांसाठी कायम मोकळी ठेवावी. रहिवासी आणि केअरर यांना वाहनांचे पास आधी द्यावेत. नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना त्यांची माहिती असावी.” सासऱ्यांचं नाव, आजार, औषधं यातलं काही लिहू नका. हे पत्र चार लोक वाचणार आहेत, आणि एवढ्यावर काम भागतं.

केअरर पाठवणाऱ्या एजन्सीलाही तारखा आजच कळवून ठेवा. त्यांच्या पाळ्या खूप आधी लागतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला त्यांनी धरलेली दहा मिनिटं त्या दिवशी तास होऊ शकतात. शक्य असेल तर त्या तीन दिवसांसाठी गावातच राहणारी किंवा उलट्या बाजूने येणारी केअरर मागा. आणि सासऱ्यांनाच एकदा विचारा की त्यांना काय वाटतं. आजारी माणसाच्या वतीने सगळं घर घाबरत असतं, आणि त्यांना कदाचित खिडकीत बसून येणारी-जाणारी तरुण पोरं बघायला आवडेल. नाहीच आवडलं आणि जवळ कुणा नातलगाकडे चार दिवस नेता आलं, तर तोही मार्ग आहे. पण तो तुमच्या सोयीने निवडलेला असावा, रस्ता नाही म्हणून लादलेला नसावा.

तिसरी मागणी माझी लाडकी: एक फोन नंबर, ज्यावर कार्यक्रम चालू असताना माणूस बोलेल. नुसतं रेकॉर्डिंग नको. आलेली प्रत्येक तक्रार वेळेसकट नोंदवली जावी आणि ती वही कौन्सिलला बघायला मिळावी, असंही त्यात जोडा. महोत्सव संपल्यावर किती दिवसांत गावातल्या रस्त्यांवरचा आणि कुंपणालगतचा कचरा उचलणार, हेही एका ओळीत विचारून टाका.

पत्र गेलं की पुढे काय? अर्जदाराचा माणूस बहुधा तुम्हाला फोन किंवा ईमेल करेल. घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. तुमच्या अटी त्यांना मान्य झाल्या तर त्या लेखी घ्या आणि कौन्सिलला कळवा, म्हणजे त्या लायसन्सवर चढतील. तोंडी ‘काळजी करू नका हो, आम्ही बघू’ यावर म्हणणं मागे घेऊ नका. एकमत झालं नाही तर २८ दिवस संपल्यानंतर कामाच्या २० दिवसांत हिअरिंग होतं. तिथे जाणं सक्तीचं नाही. लिहिलेलंही वाचलं जातं. पण गेलात तर चांगलं. तुमच्याऐवजी कुणी बोललं तरी चालतं, तुमच्या वॉर्डाचा काउन्सिलरही. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ मिळतो, आणि तो थोडाच असतो. निर्णय पटला नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील आहे, मात्र तिथे खर्च अंगावर येऊ शकतो. त्यापेक्षा दुसरी वाट लक्षात ठेवा. लायसन्स मिळाल्यावरही अटी पाळल्या जात नसतील, तर कोणीही त्याच्या रिव्ह्यूची, म्हणजे फेरतपासणीची, मागणी करू शकतं. मग कमिटी अटी बदलू शकते, तीन महिन्यांपर्यंत लायसन्स थांबवू शकते, अगदी रद्दही करू शकते. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून जुलैतल्या त्या तीन दिवसांत एक वही जवळ ठेवा. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, फोन केला तर कोण काय म्हणालं. एवढंच.

हे कागदी वाघ आहेत, असं यजमान म्हणतील. त्यांना ग्लास्टनबरीची गोष्ट सांगा. सॉमरसेटमधल्या पिल्टन गावच्या वर्दी फार्मवर १९७० मध्ये मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने एक पौंड तिकीट ठेवून, वर फुकट दूध देऊन पहिला महोत्सव भरवला. आले दीडेक हजार लोक. लायसन्स हे प्रकरण त्याच्या दाराशी आलं १९८३ मध्ये, आणि तेव्हा ३०,००० ची मर्यादा घातली गेली. २००० साली कुंपणावरून इतके लोक विनातिकीट आत आले की मर्यादा पार मोडली. ईव्हिसना लायसन्सच्या अटी मोडल्याबद्दल दंड झाला. २००१ मध्ये महोत्सव झाला नाही. २००२ मध्ये परत आला तो भक्कम, उंच कुंपण घेऊन. आज तिथलं लायसन्स २,१०,००० माणसांचं आहे. त्यात कलाकार आणि कामगारही धरलेले आहेत. तरीही दर काही वर्षांनी जमिनीला आणि गावाला विसावा म्हणून महोत्सव थांबतो. २०२६ हे तसंच सुटीचं वर्ष आहे. आइल ऑफ वाइट बेटाचं याच्या उलट झालं. १९७० मध्ये तिथे लाखोंची गर्दी लोटली, आधी कुणी नीट विचार केलेला नव्हता, आणि पुढच्याच वर्षी मोठ्या रात्रमुक्कामी मेळाव्यांना आळा घालणारा खास कायदा पार्लमेंटने त्या बेटासाठी केला. महोत्सव तिथे परतला तो थेट २००२ मध्ये. मला गाणं प्रिय आहे, म्हणून मला अटी प्रिय आहेत. अटींशिवाय आलेला महोत्सव गावाला एकदाच सोसतो.

मुलीचं राहिलं. सोळाव्या वर्षी एकटीला प्रवेश आहे की नाही, हे प्रत्येक महोत्सव स्वतःच्या लायसन्सप्रमाणे ठरवतो. बऱ्याच ठिकाणी सोळाखालच्या मुलांबरोबर प्रौढ माणूस लागतो. रेडिंग आणि लीड्सच्या महोत्सवांना सोळा-सतराची मुलं एकटीही जातात. तुमच्या अर्जात मुलांच्या सुरक्षिततेखाली काय लिहिलंय ते तिलाच वाचायला सांगा आणि पत्राच्या त्या परिच्छेदाचा पहिला मसुदा तिच्याकडून लिहून घ्या. हरवलेल्या मुलांसाठी जागा कुठे, पाणी फुकट मिळणार का, त्रास झाला तर मुलीने कोणाकडे जायचं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं विचारता येईल. जाताना कानात घालायचे इअरप्लग घेऊन द्या. मंचासमोर तास-दोन तास उभं राहिल्यावर कानात जी शीळ वाजत राहते ती दरवेळी उतरेलच असं नाही. आणि पहिल्या वर्षी तिच्याबरोबर तुम्हीच का जात नाही? आसपासच्या गावकऱ्यांसाठी काही महोत्सव वेगळी तिकिटं ठेवतात, ग्लास्टनबरीत रविवारची असतात. आयोजकांना पत्र जाणारच आहे, तर तेही विचारून घ्या. रविवारी संध्याकाळी सासऱ्यांपाशी यजमान बसतील.

पत्र एका पानाचं ठेवा. साधं इंग्रजी पुरे, वकिली भाषा नको. नोटिशीवरच्या शेवटच्या तारखेला दोन-तीन दिवस बाकी असतानाच पाठवा आणि पोचल्याची पावती मागून घ्या. पाठवण्याआधी मला दाखवावंसं वाटलं तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी त्याच दिवशी वाचून कळवेन.